अलॉय चाकावर पुन्हा पुन्हा उठणारे गंजासारखे डाग: मूळ शोधणे आणि चाक पूर्ववत करणे

चाकावर तपकिरी ठिपके दिसू लागले की ‘चाक गंजले’ असे म्हणून आपण मोकळे होतो आणि थेट पॉलिश पेपर व रंगाचा डबा हाती घेतो. परंतु अलॉय चाक हे बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते, आणि लाल-तपकिरी गंज चढतो तो लोखंडाला, ॲल्युमिनियमला नव्हे. ॲल्युमिनियम खराब होते तेव्हा त्यावर खडूच्या भुकटीसारखी पांढरट पूड येते किंवा वरच्या पारदर्शक थराखाली दुधी रंगाचे धागे पसरत जातात. म्हणूनच अलॉय चाकावर तपकिरी रंग दिसत असेल, तर तेथे कुठून तरी लोखंड आले आहे असे धरून चालावे, आणि ते कुठून आले हे कळेपर्यंत रंगाचा डबा उघडू नये.

हे मला स्वतःला उशिराच कळले. माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावर, कडेपासून दोन बोटे आत, तपकिरी ओघळ दिसू लागला, तेव्हा मी तो घासून काढला, प्राइमर व रंग मारला आणि वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, दिला. काही महिन्यांत तोच ओघळ त्याच जागी परत आला. दुसऱ्या वेळी मी थर अधिक जाड दिले, तरीही तो आला. तिसऱ्या वेळी टायर उतरवून चाक उजेडात आडवे ठेवले, तेव्हा ओघळाच्या बरोबर वर रिमच्या कडेला चिमट्यासारखे बसवलेले बॅलन्सिंगचे, म्हणजे चाक समतोल फिरावे म्हणून लावलेले, लोखंडी वजन नजरेत भरले. त्याचा मुलामा उडालेला होता, आणि पक्कडीने ते काढल्यावर त्याच्या पाठीमागे नखाएवढ्या जागेत ॲल्युमिनियम पांढरे पडून इतके भुसभुशीत झाले होते की स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खरवडताच त्याची पूड पडू लागली. दोन्ही वेळा मी वजन जागच्या जागी ठेवून, भोवती चिकटपट्टी लावून, मोठ्या निगुतीने रंग दिला होता.

डाग वरचा, थराखालचा की वाहून आलेला?

चाक थंड असताना साध्या कार शॅम्पूने धुवावे आणि पूर्ण कोरडे होऊ द्यावे, कारण पाण्याच्या पातळ थराखाली निस्तेज भाग व बारीक उंचवटे सहज लपतात. त्यानंतर लोहचुंबक लावून पाहावे. ते घट्ट चिकटले तर चाक स्टीलचे आहे आणि दिसणारा गंज खराच गंज आहे. ते मुळीच चिकटले नाही तर चाक अलॉयचे आहे. क्रोम मुलामा दिलेल्या अलॉय चाकावर मुलाम्याखालील निकेलमुळे क्षीण ओढ जाणवू शकते, तेवढ्यावरून फसू नये.

यानंतरची तपासणी बोटाने करायची असते. डागावरून नख हलकेच फिरवले असता रवा लागल्यासारखे खरखरीत वाटले, तर कण वरच्या थरात रुतलेले आहेत. पृष्ठभाग गुळगुळीत असूनही डाग दिसत असेल, तर बिघाड थराखाली आहे. नख कडेत अडकून पापुद्रा उचलला जात असेल, तर क्लिअर कोट सुटलेला आहे, आणि अशा ठिकाणी कितीही धुतले वा पॉलिश केले तरी उपयोग होत नाही. डागाचा आकारही बोलका असतो. सर्वत्र विखुरलेले मोहरीएवढे ठिपके ब्रेककडून येतात, एकाच रेषेत उतरणारा ओघळ वजनाकडून किंवा नटाकडून येतो, आणि दगडाच्या किंवा पदपथाच्या कडेच्या ओरखड्यापासून निघून वळवळत गेलेला मार्ग हा ॲल्युमिनियमच्या क्षरणाचा असतो.

ठिपके ब्रेकचे असतील तर

बहुतेक गाड्यांत ब्रेकची डिस्क ओतीव लोखंडाची असते. ब्रेक दाबला की डिस्क आणि पॅड या दोहोंचा चुरा उडतो, त्यातले तापलेले कण चाकाच्या क्लिअर कोटवर बसतात, काही त्यात रुततात आणि दमट हवेत तेथेच गंजतात. पुढच्या ब्रेकांवर भार अधिक येत असल्याने पुढची चाके मागच्यांपेक्षा लवकर तपकिरी होतात, आणि चारही चाकांपैकी फक्त पुढची दोन माखलेली असतील तर निदान जवळपास झालेच म्हणावे.

हे कण शॅम्पूने निघत नाहीत. त्यांच्यासाठी लोहकण काढणारे वेगळे द्रावण मिळते, ज्यात बहुधा थायोग्लायकोलेट वर्गातील क्षार असतो. त्याला कुजक्या अंड्यासारखा उग्र वास येतो, म्हणून ते मोकळ्या हवेत, हातमोजे घालून वापरावे. फवारल्यावर काही क्षणांनी प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळी कड उमटते आणि मग त्या कडा मिसळून जांभळे ओघळ खाली उतरू लागतात. हा रंग लोखंडाशी झालेल्या रासायनिक क्रियेचा आहे, स्वच्छतेचा दाखला नव्हे. आऱ्यांमधून फवारा मागच्या डिस्कवर गेला तर तीही जांभळी होते आणि चाकातून किती घाण निघाली असा खोटाच आनंद होतो. द्रावण चाकावर वाळू देऊ नये, डबीवर सांगितलेल्या वेळेत मऊ ब्रशने फिरवून भरपूर पाण्याने धुवावे आणि गरज पडल्यास पुन्हा एकदा द्यावे. धुतल्यावर गाडी सावकाश चालवून काही वेळा ब्रेक दाबावेत, म्हणजे डिस्क कोरडी होते. तरीही खरखर राहिली तर क्ले बारला (रुतलेले कण ओढून काढणाऱ्या मऊ, चिकट वडीला) पुरेसे पाणी वा वंगण देऊन ती फिरवावी आणि शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावावे. सीलंटमुळे ठिपके येणे थांबत नाही. पुढच्या वेळी ते कमी श्रमात निघतात, इतकेच.

येथे काही घरगुती उपायांबद्दल स्पष्टच लिहितो, कारण माझ्या पाहण्यात गंजापेक्षा अशा उपायांनीच अधिक चाके बिघडली आहेत. शौचालय साफ करण्याचे ॲसिड, कॉस्टिक सोडा आणि ओव्हन साफ करणारी तीव्र द्रावणे अलॉय चाकाला लावू नयेत. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ संरक्षक थर असतो, आणि तीव्र आम्ल व तीव्र अल्कली हे दोन्ही तो विरघळवतात. क्लिअर कोट अखंड असेल तर कदाचित निभावते, पण जेथे चीर आहे तेथून रसायन आत शिरते आणि काही दिवसांनी पांढरे धागे दिसू लागतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेली चाक-स्वच्छता द्रावणे तर त्वचेतून शरीरात भिनून गंभीर इजा करतात, त्यांच्या वाटेला जाऊच नये.

साधी लोखंडी तारेची घासणी किंवा तारेचा ब्रश ही आणखी एक चूक आहे. त्यांचे सूक्ष्म तुकडे मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि नंतर गंजून नवे तपकिरी ठिपके तयार करतात. म्हणजे गंज काढण्याच्या नावाखाली आपणच लोखंड पेरतो. स्टीलवर वापरलेला पॉलिश पेपर अलॉयवर वापरल्यानेही हेच घडते. अलॉयसाठी नायलॉनचा किंवा वेगळा राखून ठेवलेला स्टेनलेस ब्रश घ्यावा.

वाहून येणारा गंज

बॅलन्सिंगची लोखंडी वजने, मुलामा उडालेले नट, मधल्या टोपीच्या आतील स्प्रिंगची कडी आणि चाक ज्यावर बसते तो हब, अशा चार जागा तपासाव्यात. हबवरचा गंज चाकाच्या मधल्या छिद्रातून बाहेर झिरपतो आणि टोपीभोवती तपकिरी कडे उमटते. वजनाच्या बाबतीत दुहेरी नुकसान असते. ते स्वतः गंजून ओघळ सोडतेच, शिवाय दोन भिन्न धातू एकमेकांना टेकलेले असून मध्ये खारट पाणी साचले की ॲल्युमिनियम लोखंडासाठी झिजू लागते. समुद्राकाठी किंवा बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात अशा ठिकाणी ही झीज वेगाने होते.

असे वजन काढून त्याजागी रिमच्या आतल्या बाजूस चिकटवायचे, झिंकचे किंवा पक्का लेप असलेले वजन लावून घ्यावे. अर्थात यानंतर चाकाचे बॅलन्सिंग पुन्हा करावे लागते. ‘होते तेवढ्याच ग्रॅमचे लावले’ एवढ्याने काम भागत नाही, कारण जागा बदलली की हिशेबही बदलतो. नट बदलताना त्याचे आटे व लांबीच नव्हे, तर बैठकीचा, म्हणजे नट चाकाला जेथे टेकतो त्या भागाचा, आकारही जुन्याशी जुळला पाहिजे. शंकूच्या बैठकीच्या जागी गोल बैठकीचा नट लावला, तर तो घट्ट वाटूनही नीट बसलेला नसतो.

क्लिअर कोट सुटला असेल तर

खरे रंगकाम लागते ते येथे. एखाद्या ओरखड्यातून ओलावा व क्षार क्लिअर कोटखाली शिरतात, आणि क्षरणाचे टोक थर उचलत धाग्यासारखे पुढे सरकत जाते. डायमंड-कट चाकांत हा दोष अधिक आढळतो, कारण त्यांचा चकचकीत दर्शनी भाग लेथवर कापून उघडा केलेला असतो आणि त्यावर बहुधा रंग नसून केवळ पारदर्शक थर असतो. त्यातच कापलेल्या भागाच्या धारदार कडांवर तो थर सर्वांत पातळ बसतो. अशी झाक हाताने परत आणता येत नाही. चाक पुन्हा लेथवर चढवावे लागते, आणि प्रत्येक वेळी धातूचा थोडा थर जात असल्याने हे कितीही वेळा करता येत नाही. माझे मत विचाराल तर डायमंड-कट चाक दुसऱ्यांदा सुटल्यावर ते एकरंगी करून घ्यावे. दिसायला साधे, पण टिकाऊ.

रंगकामापूर्वी चाकाला तडा, वाक किंवा दचक्याने तुटलेली कड आहे का ते दोन्ही बाजूंनी पाहावे. आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसली तरी थांबावे आणि चाक जाणकाराकडून तपासून घ्यावे. तडा पुट्टीने झाकणे हा जिवाशी खेळ आहे. मॅग्नेशियमचे चाक क्वचितच भेटते, परंतु त्याची पूड पेट घेते, म्हणून ते घरी घासू नये.

टायर उतरवून घेणे उत्तम, कारण क्षरण पुष्कळदा रिमच्या कडेला वळसा घालून टायरखाली गेलेले असते. गाडी जॅकवर घेतल्यावर ती स्टँडवर टेकवल्याशिवाय काम सुरू करू नये आणि जमिनीवरच्या चाकांना अडण लावावी. ब्रेकचा कोरडा चुरा हवेच्या झोताने उडवू नये, तो ओल्या फडक्याने टिपावा.

पेपर मारण्यापूर्वी ग्रीस व मेण काढणाऱ्या द्रावणाने चाक दोनदा पुसावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. टायर चमकवण्याच्या द्रवातील सिलिकॉन आधी न काढता घासले, तर ते ओरखड्यांत शिरते आणि नंतर ताज्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. त्यानंतर सुटलेला क्लिअर कोट जितका उचलतो तितका काढावा. ८० ते १२० नंबरच्या पेपरने पांढरे क्षरण पूर्ण जाईपर्यंत घासावे आणि दिसणाऱ्या डागाच्या पलीकडेही एक-दोन सेंटिमीटर जावे, कारण धाग्याचे टोक डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे असते. खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका शिल्लक राहिला तर थर पुन्हा तेथूनच उचलला जातो. मग २४०, ३२० असे चढत जाऊन जुन्या रंगाची कड इतकी उतरती करावी की डोळे मिटून बोट फिरवले असता पायरी जाणवू नये. मी तर हे खरोखर डोळे मिटूनच तपासतो; डोळे उघडे असले की मन लवकर समाधान मानते.

पदपथाला घासून पडलेले उथळ ओरखडे ॲल्युमिनियम मिसळलेल्या पुट्टीने भरता येतात, मात्र ही भर दिसण्यापुरतीच आहे, तिने चाकाला बळ येत नाही. पुट्टी सुकल्यावर ती समतल करून सर्व चाकावर ४०० नंबरचा वॉटर पेपर मारावा, धुवावे, वाळवावे आणि पुन्हा पुसून घ्यावे. उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरू लागतो, म्हणून घासलेले चाक रात्रभर तसेच ठेवू नये. त्याच दिवशी प्राइमर द्यावा. साधा प्राइमर येथे धरत नाही. एच (etch) प्राइमर, म्हणजे धातूचा पृष्ठभाग किंचित कोरून पकड घेणारा प्राइमर, किंवा धातूसाठीचा इपॉक्सी प्राइमरच हवा. एच प्राइमरवर कोणता थर चालतो हे डब्यावर वाचावे, कारण काही रंगप्रणालींत त्यावर थेट रंग चालत नाही.

फवारा साधारण २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून द्यावा. पहिला थर धुक्याइतका पातळ असावा आणि त्यानंतर दोन-तीन पातळ थर, मध्ये सुमारे १० ते १५ मिनिटे थांबून, द्यावेत. आऱ्यांच्या बाजू आधी आणि दर्शनी भाग शेवटी घ्यावा, म्हणजे कडांवर रंग साचत नाही. पावसाळी, दमट दिवशी क्लिअर कोट दुधी पडतो, तेव्हा काम पुढे ढकलावे. हार्डनर मिसळायचा दोन घटकांचा क्लिअर कोट ब्रेकचा चुरा व रसायने यांच्यापुढे अधिक टिकतो, परंतु त्यातील आयसोसायनेट श्वासातून अपाय करतात. साधा धुळीचा मास्क त्यांना अडवत नाही, म्हणून ज्यांच्याकडे बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा नाही त्यांनी हे काम रंगशाळेत करून घ्यावे.

पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पूड फवारून ती भट्टीत भाजून बसवणे, हा टिकाऊ पर्याय आहे. ते साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजले जाते, आणि अलॉय चाकाला मूळ ताकद उष्णता-प्रक्रियेने दिलेली असल्यामुळे जास्त तापमान किंवा लांबलेली भट्टी तिला बाधक ठरू शकते. ज्याला चाकांचा अनुभव आहे अशाच कारागिराकडे द्यावे आणि भट्टीचे तापमान किती ठेवता हे विचारायला संकोच करू नये.

स्टीलच्या व क्रोमच्या चाकांसाठी

स्टीलच्या चाकाचे काम तुलनेने सरळ आहे. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढावा, खोल खळग्यांत फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लावर आधारित गंज-रूपांतरक लावावा, तो काळा पडून सुकल्यावर इपॉक्सी किंवा झिंकयुक्त प्राइमर द्यावा आणि मग रंग. हा रूपांतरक गंजावर काम करतो. अलॉय चाकावर तो लावणे निरर्थक आहे. क्रोमचा मुलामा फुगून सोलला असेल तर तो काढून नव्याने चढवणे हाच इलाज आहे, आणि तो मुलामा घरी घासू नये, कारण सुटलेल्या कडा वस्ताऱ्यासारख्या कापतात.

जेथे रंग लागता कामा नये

नटाची बैठक आणि हबला टेकणारा चाकाचा मागचा सपाट भाग या दोन जागांवर चिकटपट्टी लावूनच फवारा द्यावा. तेथे रंगाचा थर राहिला तर तो दाबाखाली हळूहळू चेपतो, नटाचा ताण उतरतो आणि चाक सैल होते. टायर जेथे रिमवर बसतो ती पट्टीही जाड रंगाने भरू नये. तेथील क्षरण काढून ती गुळगुळीत करावी, कारण हवा हळूहळू उतरण्याचे कारण पुष्कळदा याच जागेत असते. साबणाचे पाणी लावल्यास बारीक बुडबुडे दिसतात.

चाक परत बसवताना हबवरचा गंज ब्रशने काढून मधल्या गोल कडेला ग्रीसचे अगदी पातळ बोट लावावे. नटाच्या आट्यांना किंवा बैठकीला ग्रीस लावू नये. नट चांदणीच्या क्रमाने, समोरासमोरचे घेत, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत.

इतके करूनही डाग परतला, तर तो कुठे आला ते आधी पाहावे. दुरुस्तीच्या बाहेरच्या सीमेवर थर फुगला असेल तर जुन्या थराखाली क्षरण शिल्लक होते. मध्यभागी पापुद्र्यासारखा सुटला असेल तर प्राइमर चुकला किंवा पृष्ठभाग तेलकट होता. पृष्ठभाग अखंड असून वर केवळ तपकिरी ठिपके असतील तर रंगकाम निर्दोष आहे. ते ब्रेकचे कण आहेत, आणि त्यांना पेपर नव्हे, धुण्याची गरज आहे. माझ्या त्या डाव्या चाकावर वजन बदलल्यापासून ओघळ परतलेला नाही. ठिपके मात्र दर काही आठवड्यांनी येतात, आणि मी ते जांभळे होताना पाहून धुऊन टाकतो.